फवारणीच्या वहीतलं एक पान

या वेळचं पत्र इंदिरानगरहून आलं आहे. थोडं आवरून देते.

"ताई, माझं माहेर निफाड तालुक्यातलं. माझे वडील, नाना, ५८ वर्षांचे आहेत. पाच एकर द्राक्षबाग आणि थोडा टोमॅटो. गणपतीत गावात आरोग्य शिबिर झालं, त्यात नानांचं बीपी १७२/१०४ निघालं. तपासणारे डॉक्टर रांगेतल्या सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, 'काका, एवढं बीपी घेऊन फिरताय? कधीही काहीही होईल.' नाना हसले, चिठ्ठी खिशात घातली आणि घरी आले. याला महिना होऊन गेला. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, 'मला काय धाड भरलीये? पहाटे चारला उठून बाग फवारतो. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही.' माझे मोठे काका लकवा होऊन गेले. त्यांना बीपीची गोळी सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून नानांच्या डोक्यात बसलंय की गोळी लागली की माणूस संपला. मी त्यांना रोज लकव्याचे, अटॅकचे व्हिडिओ पाठवते. आधी बघायचे, आता उघडतही नाहीत. परवा तर माझं बोलणं अर्धवट ठेवून फोन कट केला. आणि हाच माणूस बिबट्याला एवढा घाबरतो की रात्री पाणी भरायला जाताना दोन बॅटऱ्या आणि मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून जातो. कोरोनात तर दुधाची पिशवीसुद्धा साबणाने धुवायचे. मग इथेच असे का वागतात? त्यांना खरी भीती वाटेल असं मी काय करू? द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) पंधरा दिवसांवर आली आहे, एकदा ती सुरू झाली की ते कोणाचंच ऐकणार नाहीत."

लेकी,

नानांना भीती कशी वाटेल, असं तू विचारतेस. मला तर तुझ्या पत्रात एक घाबरलेला माणूसच दिसतो. ज्याला खरंच फिकीर नसते, तो असा व्हिडिओ बघतो, 'काय हे' म्हणतो आणि चार जणांना पुढे पाठवून देतो. नाना व्हिडिओ उघडत नाहीत. लेकीचा फोन कट करतात. शिबिरातली चिठ्ठी त्यांनी फाडून टाकली असंही तू लिहिलेलं नाहीस, खिशात घातली असं लिहिलंस. आईला विचार, ती चिठ्ठी आता कुठे आहे. कपाटात कुठेतरी घडी घालून ठेवलेली निघेल, असं मला वाटतं. सख्खा भाऊ ज्या दुखण्याने गेला, तेच दुखणं आपल्या नावावर चारचौघांत वाचून दाखवलं गेलं. नानांनी धसका घेतला आहे. त्यावर तू रोज एक व्हिडिओ टाकते आहेस.

तुला दोष देत नाही. तूही रात्री झोप लागत नाही म्हणूनच ते पाठवतेस, हे कळतं. पण आधी नानांचं मन कसं चाललंय ते बघू. ते कळलं की पुढचं काम सोपं होईल.

बिबट्यापासूनच सुरुवात करते, कारण तुला त्यात विसंगती वाटते आणि मला नाही वाटत. पॉल स्लोविक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना कोणत्या धोक्यांची किती भीती वाटते याचा अनेक वर्षं अभ्यास केला, त्यावरचा त्यांचा गाजलेला लेख १९८७ सालचा आहे. एखादी गोष्ट वर्षाला किती माणसं मारते यावर माणसाची भीती ठरत नाही, असं त्यांना दिसलं. ती किती भयंकर वाटते, तिच्यावर आपला ताबा आहे का, ती नवी आहे की रोजच्या ओळखीची, यावर ठरते. आता नानांच्या मळ्यात उभी राहून बघ. बिबट्याचे ठसे ओल्या मातीत उमटतात. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं एका रात्रीत नाहीसं होतं. वनखात्याचा पिंजरा येतो, सगळं गाव तो बघायला जातं, पारावर आठवडाभर तोच विषय. कोरोना तर कोणालाच माहीत नसलेला आजार होता आणि चोवीस तास टीव्हीवर होता. बीपी? ते गावात निम्म्या घरांत आहे, म्हणजे ओळखीचं, म्हणजे मनाच्या हिशोबात लहान. त्याचा ठसा मातीत उमटत नाही. कागदावरचा एक आकडा, बस्स.

आणखी एक. बिबट्यावर काय करायचं ते नानांना पक्कं माहीत आहे. बॅटरी, आवाज, सोबत कोणीतरी, वासरू आत बांधणं. भीती वाटली की हाताला लगेच काम मिळतं. ही गोष्ट लक्षात ठेव, मी पुन्हा तिच्यापाशी येणार आहे.

नाना दिसत नसलेल्या धोक्याला घाबरत नाहीत, असं मात्र समजू नकोस. माझ्या मामाची पिंपळगावजवळ बाग होती. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिकडे असायचो. एका रात्री पाऊस शिंतडून गेला. मामा अंथरुणातून उठला, बॅटरी घेतली आणि बागेत गेला. मी मागे मागे. तो एकेक पान उलटून बॅटरीच्या उजेडात बघत होता. पानं हिरवीगार होती. मी म्हटलं, "मामा, काहीच तर नाही." तो म्हणाला, "दिसल्यावर बघायचं नसतं पोरी. दिसलं म्हणजे ती आत शिरली." पहाटे तीनला पंप सुरू झाला.

डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. तिचं असंच असतं, नानांना मी काय सांगणार. पानावर वरून तेलकट पिवळा डाग आणि खालून पांढरी बुरशी दिसेपर्यंत थांबलं तर घड हातचे जातात. म्हणून तर पाऊस झाला, दव पडलं, पान ओलं राहिलं की द्राक्षवाला काहीही दिसत नसताना फवारतो. तुझे नाना आयुष्यभर हेच करत आले आहेत. लक्षण नसताना आजार ओळखणं आणि येण्याआधी अडवणं हे त्यांच्याइतकं शहरातल्या शिकलेल्या माणसालाही जमत नाही.

मग स्वतःच्या देहाच्या बाबतीत हेच का जमत नाही? कारण बागेत त्यांनी डावणीने गेलेला प्लॉट डोळ्यांनी पाहिला आहे. कोणतं औषध, लिटरला किती, छाटणीपासून कितव्या दिवशी, हे ठरलेलं आहे. दुकानदार ओळखीचा आहे. शेजारचा बागवालाही त्याच पहाटे पंप चालवतो. आणि बागेला डावणी आली म्हणून बागेची कोणी चारचौघांत शोभा करत नाही. बीपीच्या बाबतीत यातलं एकही त्यांच्या हाताशी नाही. त्यांना शिबिरात फक्त 'कधीही काहीही होईल' मिळालं. पुढे कुठे जायचं, कोणाला भेटायचं, किती दिवसांत, काही नाही. त्या डॉक्टरांच्या मनात वाईट नसेल, शंभर जणांची रांग असेल. पण धोका सांगायचा आणि वाट सांगायची नाही, हे मला फार खटकतं. असं झालं की माणूस धोक्याचा बंदोबस्त करायचं सोडून भीतीचाच बंदोबस्त करायला लागतो. तो विषय टाळतो, हसण्यावारी नेतो, चिडतो, फोन कट करतो. नाना आज तेच करताहेत.

आपल्या भागाने हे फार मोठ्या प्रमाणावर एकदा पाहिलं आहे. १८९६-९७ पासून प्लेग आला तेव्हा घरात उंदीर मरून पडला की लोक घर सोडून मळ्यात, माळावर झोपड्या बांधून राहायचे. उंदीर दिसायचा, निघून जाणं हातात होतं, म्हणून लोक निघत. पण त्याच लोकांनी घरातला आजारी माणूस मात्र लपवला. कारण सोजीर, म्हणजे गोरे सैनिक, घरात शिरून झडती घेत, आजाऱ्याला उचलून नेत, आणि नेलेला माणूस परत येईल याचा भरवसा नसे. पुण्यात या जाचाचं पर्यवसान जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडवरच्या गोळीबारात झालं. इकडे आपल्या भगूरला स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वडील दामोदरपंत १८९९ मध्ये प्लेगनेच गेले. मी हे सांगते ते एवढ्यासाठी की आजारापेक्षा आजारावरचा इलाज भयंकर वाटला की माणूस आजारच झाकतो. तो अडाणी असतो म्हणून नव्हे. त्याने डोळ्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं.

नानांनी काय पाहिलं? मोठ्या भावाला गोळी सुरू झाली आणि वर्षाच्या आत भाऊ गेला. आधी गोळी, मग लकवा. आपलं मन ज्या क्रमाने गोष्टी घडल्या त्याच क्रमाने कारण जोडतं. याला 'गैरसमज' म्हणून झटकू नकोस, नाहीतर भावाचं मरणच झटकल्यासारखं होईल त्यांना. त्याऐवजी कधीतरी शांतपणे काकांबद्दल विचार. बीपी कधी कळलं होतं? त्याआधी किती वर्षं अंगावर काढलं असेल? गोळी रोज घ्यायचे की बरं वाटलं की बंद करायचे? शेवटच्या महिन्यात काय झालं होतं? उत्तरं मला माहीत नाहीत आणि तू सुचवूही नकोस. फक्त विचार आणि ऐक. वाढलेलं बीपी वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांना इजा करत असतं. गोळी उशिरा आली किंवा मध्येच सोडली तर ती आधीची इजा पुसू शकत नाही. हे नानांना भावाची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगताना कळेल, तुझ्या तोंडून कळणार नाही.

'डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही' याचं काय? हा समज फक्त आपल्या गावांत नाही. १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बीपीच्या रुग्णांना विचारलं होतं. बहुतेकांनी मान्य केलं की बीपी वाढलेलं माणसाला कळत नाही. आणि त्यांतल्याच बहुतेकांनी सांगितलं की मला मात्र माझं कळतं. कोणी चेहरा गरम होतो म्हणून, कोणी डोकं जड होतं म्हणून. अशा लोकांनी मग त्या लक्षणाच्या हिशोबाने गोळी घेतली किंवा सोडली. नाना या लोकांपेक्षा वेगळे नाहीत, फक्त त्यांच्या बाजूला लक्षण नाही, म्हणून आजारही नाही. याला उत्तर एकच, मामाचं. दिसल्यावर बघायचं नसतं. पण ते वाक्य त्यांना तू ऐकवायचं नाहीस. ते त्यांचंच आहे, त्यांना स्वतःला आठवेल अशी जागा तयार करायची.

इथे माझं एक सांगते. मी ४९ वर्षांची असताना आंघोळ करताना उजव्या बाजूला छातीत गाठ हाताला लागली. वाटाण्याएवढी. तेव्हा मी बायकांना हेच सांगत गावोगाव फिरायचे, की गाठ लागली तर आठ दिवसांत दाखवा. मी सहा आठवडे कोणाला बोलले नाही. रोज आंघोळीला तिथे हात जायचा आणि मी तो काढून घ्यायचे. त्या दीड महिन्यात मी घरातले सगळे डबे घासले, माळा आवरला, गोदाघाटावरून कुंड्या आणल्या. गाठ म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मला तपासणीच्या खोलीच्या पुढचं काहीच दिसत नव्हतं, नुसता अंधार. शेवटी शेजारणीला सांगितलं. ती रडली नाही, 'एवढे दिवस काय करत होतीस' म्हणाली नाही. म्हणाली, "मंगळवारी माझी सुट्टी आहे. अकरा वाजता निघू. रिक्षा मी सांगून ठेवते. येताना भाजी घेऊन येऊ." आम्ही गेलो. गाठ साधी निघाली. येताना खरोखर मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. त्या सहा आठवड्यांत मला आणखी कोणी आणखी घाबरवलं असतं तर मी आणखी सहा आठवडे डबे घासत बसले असते, हे मी पूर्ण खात्रीने सांगते.

माझ्या शेजारणीने जे केलं त्याचा पुरावा फार जुना आहे. १९६५ साली अमेरिकेत येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या लसीची माहितीपत्रकं दिली. काहींना अंगावर काटा आणणारी, काहींना साधी. भयंकर पत्रक वाचणारे जास्त घाबरले, लस घ्यायला हवी असंही म्हणाले. पण प्रत्यक्ष लस घ्यायला कोण गेलं? काही विद्यार्थ्यांना पत्रकासोबत आरोग्य केंद्रावर खूण केलेला नकाशा दिला होता आणि आपल्या आठवड्यात कधी जाता येईल ते ठरवायला सांगितलं होतं. त्यांच्यातले २८ टक्क्यांच्या आसपास गेले. नकाशा न मिळालेल्यांतले ३ टक्क्यांच्या आसपास. आरोग्य केंद्र कुठे आहे हे त्या मुलांना माहीत नव्हतं असं नाही, ते तिथेच राहत होते. तरीही फरक पडला. मात्र ज्यांना धोका सांगितलाच नाही आणि नुसता नकाशा दिला, तेही गेले नाहीत. म्हणजे धोका कळायला हवाच. नानांना तो कळून चुकला आहे. तुझ्याकडून त्यांना फक्त नकाशा हवा आहे.

तर आता नकाशा.

व्हिडिओ आजपासून बंद. 'बंद केले' असं सांगूही नकोस, फक्त पाठवू नकोस. दोन-चार दिवस टोमॅटोचा भाव विचार, छाटणीला माणसं मिळाली का ते विचार. तुझं नाव फोनवर दिसलं की त्यांच्या पोटात गोळा येतो आहे, तो आधी जाऊ दे.

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशिन घे, मनगटाचं नको. माहेरी जाशील तेव्हा आधी आईचं मोज, मग तुझं, मग भाऊ-भावजय असतील तर त्यांचं. तुझं स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतंस? काका आणि नाना दोघांचं रक्त तुझ्यात आहे, त्यामुळे हे नाटक म्हणून करू नकोस, खरंच मोज. नानांना शेवटी बोलव, आणि ते 'नको' म्हणाले तर मशिन तिथेच ठेवून दे. दोन दिवसांत एकटे असताना ते स्वतः बांधून बघतील, अशी माणसं मी पाहिली आहेत.

मोजायची रीत नीट शिकून जा. चहा किंवा तंबाखू घेऊन अर्धा तास झालेला असावा. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पाच मिनिटं गप्प बसावं. हात छातीच्या उंचीवर टेकवलेला. मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटाने दुसऱ्यांदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस.

कुठे लिहायचे? निर्यातीच्या द्राक्षाला फवारणीची नोंद ठेवावीच लागते, त्यामुळे नानांकडे ती वही असणार. तारीख, औषध, प्रमाण, पीएचआय (फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस), सगळं त्यांच्या अक्षरात. त्याच वहीचं शेवटचं पान उलटून त्यावर तीन रकाने आखून दे. तारीख, वेळ, आकडा. बाकी काही लिहू नकोस. ज्या वहीवर ते वीस वर्षं विश्वास ठेवत आले, तिच्यात त्यांचा देह पहिल्यांदा येऊ दे.

त्यांना सांगायचं वाक्यही देते. "नाना, शिबिरात गर्दी होती, गडबड होती. तो आकडा खरा की खोटा ते आपण आठ दिवस बघू." हे खोटं आश्वासन नाही. गर्दीत, धावपळीत, डॉक्टर समोर असताना आकडा खरोखर चढतो, आणि एकदा मोजून कोणाला बीपीचा रुग्ण ठरवतही नाहीत. घरी शांतपणे मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर ते वाढलेलं समजतात. पण मनाशी तयारी ठेव की १७२ हा आकडा नुसत्या गर्दीने एवढा चढला असण्याची शक्यता कमी आहे. म्हणून हे आठ दिवस आठच राहू देत, छाटणीच्या आत.

आणि वार आत्ताच ठरव. नाना टोमॅटो घेऊन पिंपळगावला जातात ना? मग गाडी खाली झाल्यावरची वेळ. कोणते डॉक्टर, किती वाजता, सोबत कोण, हे सगळं आधी ठरलेलं. सोबत तू नकोस, असं मी म्हणेन. गावात असा एखादा बागवाला नक्की असेल जो दहा वर्षं बीपीची गोळी घेतोय आणि अजून बाग करतोय. नानांच्या डोळ्यांसमोर गोळी घेतलेला एकच माणूस आहे, तो गेलेला आहे. दुसरा जिवंत माणूस त्यांना दाखव. त्याच्या ट्रॅक्टरवर बसून ते दवाखान्यात जातील, तुझ्या गाडीत बसून जाणार नाहीत. खर्चाचा प्रश्न असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी, शुगर मोफत तपासतात. बीपीच्या नेहमीच्या गोळ्याही आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

गोळी जन्मभर घ्यावी लागेल का, हे ते विचारणारच. खरं सांग. बऱ्याच जणांना लागते. मीठ, वजन, तंबाखू, चालणं यांनी काहींचा डोस कमी होतो, क्वचित सुटतेही, पण ते डॉक्टर ठरवतील, मनाने बंद करायची नाही. नाना याला लगेच 'सवय लागते' म्हणतील. त्यावर वाद घालू नकोस. ज्या माणसाला दर हंगामाला तीच फवारणी पुन्हा करावी लागते, तो हा विचार स्वतः करू शकतो.

डॉक्टरांना दोन गोष्टी न विसरता सांगायला लाव. एक, कंबर-गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या नाना घेतात का. फवारणीच्या दिवसांत पुष्कळ शेतकरी घेतात, आणि त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतं. दोन, काकांचा लकवा. तो त्यांच्या कागदावर लिहिलेला असायला हवा.

स्वयंपाकघर आईच्या हातात आहे, तिला वेगळं बाजूला घेऊन सांग. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. आपल्याकडे बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातूनच पोटात जातं, आणि पापड, लोणचं, शेव, ताटात वरून घेतलेलं मीठ त्यात भर घालतं. सगळ्या घराचंच कमी करा. नानांच्या एकट्याच्या ताटात अळणी भाजी वाढलीस तर ते पहिल्याच दिवशी पेशंट होतील आणि दुसऱ्या दिवशी ताटावरून उठतील.

जाता जाता, तू विचारलं नाहीस तरी. नाना तोंडाला फडकं बांधून फवारतात का? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि मजूर गेले, तेव्हा दोन महिने सगळीकडे मास्क आणि हातमोजे दिसत होते. मग सवयीचं झालं आणि गेले. रोज हातातून जाणारी वस्तू धोक्याची वाटेनाशी होते. बीपीच्या पाठोपाठ हा विषय काढ, पण आत्ता नको. एका वेळी एकच.

आता जे तुला आणि आईला पाठ हवं ते. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात किंवा पाय एकदम लुळा पडला, बोलणं अडखळलं, छातीत दुखायला लागलं, दम लागला, तर वाट बघायची नाही. कोणी तेल चोळायला, लकव्याचं औषध आणायला सांगेल, ऐकायचं नाही. १०८ ला फोन, आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि मळ्यातून नाशकात पोहोचायलाच त्यातला किती वेळ जातो ते तुला माहीत आहे. कोणत्या रुग्णालयात जायचं ते आजच ठरवून आईच्या फोनमध्ये नंबर घालून ठेव. मशिनवर वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि तसाच राहिला तर काही त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. तेव्हा मग तुझ्या गाडीतून, नानांनी रागावलं तरी चालेल.

हे सगळं करूनही ते 'नाही' म्हणू शकतात. तू वाईट लेक आहेस असा त्याचा अर्थ नाही. वही तिथे राहील, मशिन तिथे राहील, गोळी घेणारा तो बागवाला रोज बांधावरून जात राहील. पंधरा दिवसांनी पुन्हा सहज विचार, "नाना, पान भरलं का?"

येत्या रविवारी जा. जेवणाच्या आधी ओट्यावर मशिन काढ, आईला पहिलं बसव. नानांनी बांधून घेतलं आणि आकडा त्या १८०-१२० च्या आत असला, तर कितीही आला तरी तोंडातून शब्द काढू नकोस. वही पुढे कर, त्यांच्या हातात पेन दे, आणि त्यांनी लिहून झालं की पानं वाढ.

तुझी,
ताई